गोचिडीचं सोवळं

मराठी घरी जेवायला गेल्यावर 'मला हे चालत नाही' असं म्हणण्याची काही ठरलेली कारणं आहेत. संकष्टी, एकादशी, श्रावण, मधुमेह, कोलेस्टेरॉल. यातलं एखादं सांगितलं की यजमानीणबाई मान डोलावतात आणि दुसरी वाटी पुढे सरकवतात. माझं दुखणं मात्र यातल्या कुठल्याच खणात बसत नाही. मला मटण चालत नाही, पण कोंबडी चालते. मासे चालतात, अंडी चालतात. दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर यातलं काहीही चालत नाही. म्हणजे भर श्रावणात मी सुरमईचा तुकडा खाऊ शकतो (घरातून परवानगी मिळाली तर!), पण वाटीभर बासुंदी खाऊ शकत नाही. आमच्या मंडळातल्या एका काकूंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा कुठला नवीन पंथ म्हणायचा?"

पंथ नाही हो काकू, गोचीड! गाई-म्हशींच्या अंगाला चिकटते तीच. म्हणजे तिची इथली चुलतबहीण. ती मला चावली आणि माझं पान बदलून गेली.

मी मूळचा कोल्हापूरचा. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याशिवाय माझ्या दुःखाची खोली वाचकांना कळायची नाही. ज्या गावात रविवार म्हणजे मटण, पाहुणा म्हणजे तांबडा-पांढरा, आणि संध्याकाळी गंगावेशीत म्हशीचं समोर काढलेलं फेसाळ दूध उभ्याउभ्या प्यायचं, त्या गावचा माणूस मी. देवाने एकाच फटक्यात मटणही काढून घेतलं आणि दूधही. पुण्याच्या माणसावर अशी वेळ आली असती तर त्याने निदान श्रीखंडापुरताच शोक केला असता. (आमची सौ. पुण्याची आहे. हे वाक्य तिने वाचलेलं आहे.)

आम्ही व्हर्जिनियात राहतो. घराच्या मागे अर्धा एकर जागा, त्यापलीकडे दाट झाडी. नोकरीत असताना त्या जागेत नुसतं गवत होतं. निवृत्त झाल्यावर मी तिथे मेथी, अळू, दोडकी, गवार, लवंगी मिरची असा मळा केला. झाडीतून हरणं यायची. सुरुवातीला नातवंडांना दाखवायला छान वाटायचं. मग त्यांनी गवारीचा फडशा पाडला तेव्हा जरा कमी छान वाटायला लागलं. त्या हरणांबरोबर आणखी कोण येतं, हे मात्र तेव्हा ठाऊक नव्हतं.

२०१९ सालच्या मे महिन्यात पोटरीला एक गोचीड चिकटलेली सापडली. काढून टाकली. इथे खेड्यापाड्यात राहणाऱ्याला त्यात नवल नाही. फक्त ती जागा पुढे तीन-चार आठवडे खाजत राहिली. जुलैत एका मित्राकडे मटणाचा बेत होता. रात्री आठला जेवलो, अकराला घरी येऊन झोपलो. एकच्या सुमाराला तळहात आणि तळपाय विलक्षण खाजायला लागले. दिवा लावून पाहतो तो पोटावर, मांड्यांवर पुरीएवढाल्या गांधी उठलेल्या. मग पोटात मुरडा, उलटी, आणि न्हाणीघराच्या दारात चक्कर. हिने ९११ फिरवला. इमर्जन्सी रूममध्ये इंजेक्शन दिल्यावर तासाभरात मी पूर्ववत झालो, आणि 'काहीतरी खाण्यात आलं असेल' या निदानावर घरी आलो.

आता गंमत पाहा. आठ वाजता खाल्लेलं मटण एक वाजता बाधलं, हे कुणाच्या डोक्यात येणार? शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या माणसाला बहुधा काही मिनिटांतच समजतं. हिचा स्वभाव वेगळा. खाल्ल्यावर दोन ते सहा तासांनी ही उगवते; म्हणजे बहुधा झोपेत. त्यामुळे संशय येतो तो शेवटी खाल्लेल्या फळावर, नव्या साबणावर, नाहीतर अॅसिडिटीवर. माझ्या बाबतीत असे तीन प्रसंग झाले आणि दोन डॉक्टर झाले. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं, नखांतली माती पाहिली आणि विचारलं, "बागकाम करता का? एवढ्यात टिक चावली होती?" रक्त तपासायला दिलं. आठवड्याने निकाल आला: आल्फा-गॅल सिंड्रोम.

हे आल्फा-गॅल म्हणजे एक साखर. गोड लागणारी नव्हे, पेशींवर असणारी. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, हरीण या सगळ्या सस्तन प्राण्यांच्या अंगात ती असते. माणसात, मोठ्या वानरांत आणि आपल्याकडच्या लालतोंड्या माकडांसारख्या जुन्या जगातल्या माकडांत मात्र नसते. दोन-तीन कोटी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी ती गमावली. कोंबडी आणि मासे सस्तन नव्हेत, म्हणून त्यांच्यातही नसते. गोचीड चावते तेव्हा तिच्या लाळेबरोबर ही साखर आपल्या कातडीतून आत जाते. काही माणसांचं शरीर तिला शत्रू ठरवून तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार करतं. पुढे मटणातून, दुधातून तीच साखर पोटात गेली की शरीर लढाईला उभं राहतं. ती चरबीबरोबर सावकाश रक्तात उतरत असावी, म्हणून उशीर लागतो, असं शास्त्रज्ञ मानतात.

हा शोध ज्या वाटेने लागला ती हकिकत एखाद्या रहस्यकथेला शोभेल अशी आहे. आतड्याच्या कॅन्सरवर सेटुक्सिमॅब नावाचं औषध २००४ साली इथे आलं. टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना अशा दक्षिणेकडच्या राज्यांत काही रोग्यांना पहिल्याच डोसाला भयंकर अॅलर्जी होऊ लागली. उत्तरेत मात्र फारसं काही होत नव्हतं. व्हर्जिनिया विद्यापीठातले डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि त्यांचे सहकारी याच्या मागे लागले. २००८ साली त्यांनी दाखवून दिलं की त्या औषधात आल्फा-गॅल आहे, आणि त्या रोग्यांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिद्रव्यं औषध देण्याआधीपासूनच होती. टेनेसीतल्या शंभर रक्तनमुन्यांत वीसेक सापडत होते. बॉस्टनमध्ये शंभरात एकही धड नाही. ही प्रतिद्रव्यं आली कुठून? नकाशा पाहिला तर तो गोचिडीपासून होणाऱ्या एका तापाच्या नकाशाशी जुळत होता. त्यात खुद्द डॉक्टरसाहेब डोंगरात फिरायला गेले आणि पाय भरून बारीक गोचिडी घेऊन आले. पुढे लंडनमध्ये त्यांनी मेंढीचे चॉप्स खाल्ले आणि मध्यरात्री अंगभर गांधी! २०११ साली गोचिडीचा संबंध त्यांनी छापून प्रसिद्ध केला. तिकडे ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉ. शेरिल व्हॅन न्यूनन यांनी गोचीड आणि मटणाची अॅलर्जी यांची जोडी त्याआधीच ओळखली होती.

इथली मुख्य गुन्हेगार म्हणजे लोन स्टार टिक. मादीच्या पाठीवर एकच पांढरा ठिपका असतो, टिकली लावावी तसा. ही नुसती गवताच्या पात्यावर वाट पाहत बसत नाही. आपल्या श्वासाचा माग काढत चालून येते. पूर्वी ती दक्षिणेतच असायची. हरणं वाढली, हवा बदलली, तशी ती वर सरकत गेली. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडपर्यंत आणि त्याही पुढे पोचली. सीडीसीने २०२३ साली जाहीर केलं की २०१० ते २०२२ या काळात देशात १,१०,००० हून अधिक संशयित रोगी आढळले, आणि खरा आकडा साडेचार लाखांपर्यंतही असू शकेल. त्याच वेळी त्यांनी डॉक्टर-नर्सेसची पाहणी केली, तर शंभरातल्या बेचाळीस जणांनी या रोगाचं नावच ऐकलेलं नव्हतं. तेव्हा माझ्या पहिल्या दोघा डॉक्टरांवर मी राग धरत नाही.

निदान झाल्यावर आईला फोन केला. ती कोल्हापूरला, तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. सगळं ऐकून म्हणाली, "आरं लेकरा, गोचीड चावली म्हून दूध सुटतंय व्हय? माझं आयुष्य गेलं म्हशींच्या गोचिडी काढण्यात. मला तर कधी काय झालं न्हाई." तिला काय सांगणार? सगळ्याच गोचिडी सारख्या नसतात आणि सगळीच शरीरंही सारखी नसतात. गोचिडीने माणूस आजारी पडतो हे मात्र आपल्याकडे नवीन नाही, हे मी तिला सांगितलं. १९५७ साली शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या लोकांनी त्यामागचा विषाणू आणि तो पसरवणारी गोचीड शोधून काढली. तोच माकडताप २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडे उफाळला. तो विषाणूचा ताप; माझ्या दुखण्यात विषाणू नाही, ताप नाही. आईने हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग चहा कसला पितोस?" मुद्द्याचा प्रश्न आईच विचारते.

चहा ओटच्या दुधाचा पितो. पहिले सहा महिने तो गिळला, आता पितो.

इथे एक सांगायला हवं. या रोगाच्या सगळ्यांनाच दूध सोडावं लागत नाही. मटण, बीफ, पोर्क बंद केलं की पुष्कळांचं भागतं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना हाच रोग आहे आणि ते खुशाल दहीभात खातात. मला मात्र मटण सोडल्यावरही आइस्क्रीमने एकदा आणि साजूक तुपातल्या शिऱ्याने एकदा रात्री उठवलं. जितकी चरबी जास्त तितका इंगा जास्त. म्हणून दूधही गेलं. आपल्या शाकाहारी वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावं. 'आम्ही मांसच खात नाही, आम्हाला कसला हा रोग' असं समजू नये. तूप, खवा, आइस्क्रीम, जिलेटिनच्या कॅप्सूल यांतूनही तो काहींना गाठतो. आणि तुम्ही शाकाहारी म्हटल्यावर डॉक्टरांच्या मनात ही शंका यायला आणखी उशीर लागेल.

आमच्या स्वयंपाकघरात आता एक वेगळा कप्पा आहे. माझा तवा, माझी कढई, माझा झारा, माझं पोळपाट. तुपाच्या झाऱ्याने माझी भाजी ढवळायची नाही. पुरणपोळीला माझ्यासाठी शेंगदाण्याचं तेल, मोदकावर खोबरेल तेल. सोलकढीला तर सुगीचे दिवस आले आहेत. पांढरा रस्सा कोंबडीच्या अळणीत आणि नारळाच्या दुधात होतो. कोल्हापूरचे लोक त्याला पांढरा रस्सा म्हणणार नाहीत, पण कोल्हापूर दूर आहे.

त्या कप्प्याकडे पाहून मला एक जुनी गोष्ट आठवते. शाळेत असताना एका मित्राच्या घरी आजीचं सोवळं फार कडक होतं. मला पाणी ओसरीवर मिळायचं, वेगळ्या भांड्यातून, वरून ओतलेलं. आजी वाईट नव्हती. पण ते भांडं कोनाड्यात वेगळं पालथं घातलेलं दिसायचं आणि घशाखाली पाणी नीट उतरायचं नाही. आज माझ्याच घरात माझी भांडी वेगळी आहेत. त्या सोवळ्याला कारण नव्हतं, याला रक्ताचा रिपोर्ट आहे. तेव्हा माझ्या स्पर्शाची दुसऱ्याला भीती होती. आता सगळ्यांच्या ताटाची मला भीती आहे. फरक मोठा आहे, हे डोक्याला कळतं. पण चार जण एका पातेल्यातून वाढून घेत असताना आपण डबा उघडायचा, हे एकटेपण मात्र तेव्हाच्या ओसरीसारखंच आहे. सुनेने एकदा माझा तवा घासून वेगळ्या फडक्यावर उपडा ठेवला आणि म्हणाली, "बाबा, तुमचा व्हीआयपी तवा." तेवढ्याने त्या दिवशी बरं वाटलं.

घराबाहेरचं काम अवघड. दुकानात डब्याडब्याची पाठ वाचावी लागते. दुधाचं ठीक आहे. २००६ पासून इथल्या कायद्याप्रमाणे डब्यावर दूध स्पष्ट लिहावं लागतं. २०२३ पासून तीळही लिहावे लागतात. पण त्या नऊ अॅलर्जीकारक पदार्थांच्या यादीत गाय, बकरी, डुक्कर यांचं मांस नाही. 'नॅचरल फ्लेवर' म्हणजे कुणाचा? 'ग्लिसरीन' झाडाचं की जनावराचं? मार्शमेलो आणि गमीच्या गोळ्यांत जिलेटिन. मेक्सिकन हॉटेलात राजमा डुकराच्या चरबीत शिजवलेला असू शकतो. कोंबडीच्या सॉसेजला आवरण डुकराच्या आतड्याचं असू शकतं. आपल्या हॉटेलांत नानवर लोणी, डाळीला तुपाची फोडणी. 'वीगन' असं लिहिलेलं असलं की मी निम्मा निश्चिंत होतो. जन्मात कधी वाटलं नव्हतं की कोल्हापूरचा माणूस वीगन पाटी पाहून हरखेल!

औषधांचं तर विचारूच नका. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं. हेपरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध डुकराच्या आतड्यापासून बनतं. हृदयाच्या झडपा गाईच्या किंवा डुकराच्या ऊतींच्या असतात. २०२३ मध्ये माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी सर्जनला भेटायला चार पानी यादी घेऊन गेलो. भूल देणारे डॉक्टर, फार्मसिस्ट आणि माझ्या अॅलर्जीच्या बाई यांनी एकमेकांशी बोलून प्रत्येक औषध तपासलं. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. तेव्हापासून हातात रोगाचं नाव कोरलेलं कडं असतं, आणि खिशात एपिनेफ्रिनची दोन पेनं. पूर्वी खिशात शाईचं पेन असायचं, काळ बदलला.

सगळ्यांत जड जातं ते मात्र आपल्याच लोकांत. आपल्याकडे अन्नाला नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं. "थोडंसंच घ्या, चमचाभर तुपाने काय होतंय," असं प्रेमाने म्हणणाऱ्या वहिनींना कसं सांगायचं की चमचाभर तुपाने काय होतं ते तुम्हाला दिसणार नाही. ते रात्री दोन वाजता आमच्या हिला दिसेल? आता खाल्लं आणि पाच मिनिटांत काही झालं नाही की लोकांना वाटतं, बघा, उगाच घाबरत होते. ही अॅलर्जी पाहुण्यांसमोर तमाशा करत नाही, म्हणून तिच्यावर कुणाचा विश्वासही बसत नाही. गणपतीत तर पंचामृताच्या पाचांतली तीन द्रव्यं मला वर्ज्य: दूध, दही, तूप. उरले मध आणि साखर. तीर्थ मी हातावर घेतो, डोळ्यांना लावतो, आणि शेजारी उभी असलेली ही माझ्या हातातला पेढा मुकाट्याने उचलते. देवाची काही तक्रार आलेली नाही.

चांगली माणसंही भेटतात. मंडळाच्या गणेशोत्सवात एका ताईंनी एकवीस मोदकांचं वेगळं भांडं आणलं होतं. वर चिठ्ठी: 'खोबरेल तेल, नवी कढई, तुपाचा हात नाही.' मी कोपऱ्यात बसून पाच खाल्ले आणि मग बाहेर मोटारीत जाऊन दोन मिनिटं बसून आलो. कारण विचारू नका.

आता या सगळ्यातला खरा प्रश्न. या रोगावर औषध नाही. पण नव्याने गोचीड चावली नाही, तर पुष्कळांची प्रतिद्रव्यं वर्षागणिक उतरत जातात आणि काही जणांना दूध, कधीकधी मांसही, पुन्हा चालू लागतं. माझा आकडा २०१९ साली ३४ होता. ०.१ च्या वर गेला की रिपोर्टावर पॉझिटिव्ह लिहून येतं, यावरून अंदाज घ्या. २०२१ मध्ये तो १२ वर आला. घरात जवळजवळ पेढे वाटायचेच बाकी होते, म्हणजे इतरांना. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मळ्यात पुन्हा चावली, आकडा २७. मुलगी शिकागोहून म्हणाली, "बाबा, घर विका, आमच्याजवळ टाउनहाउस घ्या. बाग की दूध, एकच मिळेल." ही काही बोलली नाही, पण तिच्या उशाशी फोन आणि इंजेक्शन ठेवून ती झोपते, हे मला दिसत होतं. रात्री मी कूस बदलली तरी ती जागी होते. दुखणं माझं, झोप तिची गेली.

आम्ही दोघांनी बसून हिशेब केला. मळ्याचा झाडीकडचा अर्धा भाग सोडून दिला. उरलेल्या भागाला आठ फुटी कुंपण घातलं, हरणं बंद. झाडी आणि गवत यांच्यामध्ये तीन फूट रुंद लाकडाच्या भुशाचा पट्टा टाकला. कोरड्यातून गोचिडी सहसा ओलांडून येत नाहीत. मळ्यातले कपडे वेगळे, त्यांच्यावर परमेथ्रिन फवारलेलं (हे कपड्यांवर, कातडीवर नव्हे). पँट मोज्यात खोचायची. दिसायला मी पोस्टमन आणि अंतराळवीर यांच्यामधला दिसतो. घरात आल्याबरोबर कपडे ड्रायरमध्ये दहा मिनिटं कडक उष्णतेवर, मग आंघोळ. आणि रात्री हिच्या हातात बॅटरी. काखा, गुडघ्यांच्या खाली, कानांमागे, केसांत तपासणी. लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर बायकोने रोज इतकं निरखून पाहावं, हे भाग्य किती जणांना मिळतं?

गोचीड सापडलीच तर काडी लावू नये, रॉकेल, तंबाखू, व्हॅसलिन काही चोपडू नये. बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरावी आणि सरळ वर ओढावी. तारीख लिहून ठेवावी. पुढे दोन-तीन महिन्यांत रात्रीबेरात्री गांधी, पोटात मुरडा, चक्कर असं काही झालं तर डॉक्टरांना त्या तारखेसकट सांगावं आणि आल्फा-गॅलची रक्ततपासणी स्वतःहून मागावी. हे उगाच घाबरवण्यासाठी लिहीत नाही. २०२४ सालच्या उन्हाळ्यात न्यू जर्सीत सत्तेचाळीस वर्षांचे एक निरोगी गृहस्थ हॅम्बर्गर खाल्ल्यावर काही तासांत गेले. त्याआधी दोनच आठवड्यांपूर्वी बीफ खाल्ल्यावर रात्री त्यांच्या पोटात असंच भयंकर दुखलं होतं. कारण कुणाला कळलं नव्हतं. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी त्यांचं रक्त तपासून २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये हे प्रसिद्ध केलं. मांस खाल्ल्याने या रोगात झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू. न्यू जर्सीत आपली किती घरं आहेत हे मी सांगायला नको. त्या गृहस्थांना कुणी एका वाक्यात हा रोग सांगितला असता तर कदाचित ते आज असते. म्हणून हा लेख.

मग मळा पूर्ण का सोडला नाही, असं मुलगी अजून विचारते. तिला दिलेलं उत्तर इथेही देतो. मी आता कुणाच्या घरी जेवू शकत नाही. कुणी प्रेमाने केलेलं ताटात घेऊ शकत नाही. नुसतं 'नको, नको' म्हणत फिरणाऱ्या माणसाला हळूहळू लोक बोलवेनासे होतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. त्यांनाही संकोच वाटतो. पण मी येताना मेथीची जुडी, अळूची पानं, पिशवीभर लवंगी मिरच्या घेऊन येतो. घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसतो, आणि मग मी माझा डबा उघडला तरी कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. दूध परत मिळालं तर हवंच आहे. आई अठ्ठ्याऐंशीची झाली. तिच्या हातचा पेलाभर चहा प्यायची इच्छा आहे, आणि तो ओटचा नव्हे. २०२५ चा आकडा ८ आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून नाही. मी थांबायला तयार आहे.

तेव्हा मंडळी, आम्हाला जरूर बोलवा. ताट वाढू नका, पिशवी तेवढी रिकामी ठेवा. अळू यंदा भरपूर आहे.